गोळी ॲसिडिटीची, पण झोपेचं काय?

रात्रीचे दोन वाजलेत. अकराला हाणलेला शेजवान राइस घशाशी आलाय. तुम्ही अँटासिडची गोळी चघळता, जळजळ थांबते. पण झोप? ती काही येत नाही. मग मोबाइल. ओळखीचं वाटतंय ना?

माझं गेलं अख्खं सेमिस्टर असंच गेलं. ‘पित्त झालंय, म्हणून झोप नाही’ हे मी सगळ्यांना सांगायचे. हे अर्धंच खरं होतं. ॲसिडमुळे झोप मोडते, हे बरोबर. पण झोप अपुरी झाली की अन्ननलिका जास्त हळवी होते आणि तेवढंच ॲसिड जास्त टोचतं. शिवाय रोज रात्री ‘आज पण जळजळणार’ या धास्तीने अंथरुणात पडलं, की मेंदू शिकतो: गादी म्हणजे जागं राहायची जागा. ही सवय गोळीने जात नाही.

त्यासाठी वेगळी थेरपी आहे, निद्रानाशासाठीची सीबीटी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलं, की मोठ्यांच्या जुनाट निद्रानाशावर आधी हीच द्या, झोपेच्या गोळ्या नंतर. ती ऑनलाइनही होते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये ‘स्लीपिओ’ या ॲपची शिफारस केली.

यात करायचं काय? रोज झोपेची नोंद ठेवायची. उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. खरंच जेवढी झोप लागते, साधारण तेवढाच वेळ अंथरुणात काढायचा आणि हळूहळू तो वाढवायचा. झोप येत नसेल तर लोळायचं नाही, उठून बसायचं. ॲसिडिटीवाल्यांना हे दुहेरी फायद्याचं, कारण बसल्यावर ॲसिड खालीच राहतं. फक्त उठलोच आहोत म्हणून मॅगी टाकायची नाही! जेवण झोपण्याआधी तीन तास उरकायचं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची, डाव्या कुशीवर झोपायचं.

पहिले काही दिवस दिवसा जाम पेंग येते, तेव्हा बाइक जपून. एपिलेप्सी किंवा बायपोलर असेल तर झोपेचा वेळ कमी करायचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गिळताना अडकतंय, वजन घटतंय, उलटीत रक्त दिसतंय, तर ॲप बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

‘ॲपने कुठे झोप लागते का?’ असं म्हणणारे भेटतीलच. पण चार जणांच्या हॉस्टेल रूममध्ये राहणाऱ्याला, तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्याला झोपेचा थेरपिस्ट कुठे मिळणार? त्याच्या हातात फोन तर आहे. अडचण भाषेची आहे. रात्री दोन वाजता डोक्यात येणारे विचार मराठीत येतात, मग त्यांच्यावरचा उपाय इंग्रजीत का? सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ ला, मराठीत बोलता येतं. मग झोपेची थेरपीही मराठीत, विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रामार्फत, फुकट मिळायला काय हरकत आहे?

ती मागणी आपणच करायला हवी. तोवर आज रात्री एवढंच करा: जेवण लवकर, आणि उद्याचा अलार्म रोजच्याच वेळेचा.