तोरणाचा हिशेब

पोळा होऊन गेला की आमच्या पिपरी मेघेत वर्गणीचे दिवस सुरू होतात. वर्धा शहराला चिकटून मेघे नावाची जी गावे आहेत, सावंगी, बोरगाव, सिंदी, उमरी, त्यांतलेच हे एक. एके काळी इथे वावरे होती. आता लेआऊट पडले आहेत आणि त्यांत निवृत्त शिक्षक, रेल्वेतले, बँकेतले, दवाखान्यात नोकरी करणारे असे लोक घरे बांधून राहतात. प्रत्येक लेआऊटचा आपला एक गणपती असतो आणि गणपतीच्या आधी एक बैठक असते. यंदाच्या आमच्या बैठकीत सजावटीच्या खर्चाचा विषय निघाला आणि बघता बघता वातावरण तापले.

एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, ‘मखर, रोशनाई, पताका यांवर एवढा पैसा उधळायचा आणि दहाव्या दिवशी सगळे कचऱ्यात टाकायचे. त्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांना वह्या घेऊन द्या.’ त्यावर एक तरुण उठला. ‘गुरुजी, वर्षातून दहा दिवस आपला रस्ता जरा बरा दिसतो, तेवढेही नको का? तुमच्या घरातला फुलांचा पडदा तरी कोणत्या कामाचा आहे?’ दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘तुम्ही बँकेतले. तुम्हीच सांगा, ही उधळपट्टी आहे की नाही?’

मी म्हटले, दोन दिवस द्या, विचार करून सांगतो. वेळ मागून घेण्याचे कारण असे की, याच प्रश्नाचे उत्तर मी एकदा फार घाईने दिले होते.

बँकेत लागून मला चार-पाच वर्षे झाली होती. जिल्ह्यातल्याच एका खेड्याच्या शाखेत मी कृषी कर्जे पाहत असे. एका शेतकऱ्याने खताच्या दुसऱ्या हप्त्यासाठी आणि फवारणीसाठी वाढीव कर्ज मागितले होते, दीड हजार रुपये. पाहणीला मी त्याच्या घरी गेलो तो नेमका पोळ्याचा दिवस. दारात बैलजोडी उभी होती. अंगावर नवी कोरी झूल, कपाळाला बाशिंग, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, रंगीत गोंडे. मी विचारले, ‘हे सगळे केवढ्याला पडले?’ तो म्हणाला, ‘दीडशे रुपये.’ माझा चेहरा पाहून त्यानेच पुढे खुलासा केला, ‘साहेब, बैल वर्सभर माह्या वावरात राबते. एक दिवस त्याले नवरदेव बनवला, तं कोनाचं काय गेलं?’

मी शाखेत परत आलो आणि अहवालात लिहिले, ‘अर्जदाराची अनुत्पादक खर्चाकडे प्रवृत्ती दिसते.’ एवढ्या एका वाक्यावर त्याची मागणी निम्म्यावर आली. उरलेल्या रकमेचे खत त्याने दुकानदाराकडून उधारीवर उचलले. त्या उधारीचा व्याजदर काय होता, हे त्या भागातल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

दोन महिन्यांनी दिवाळी आली. आमच्या शाखेवर विजेच्या माळा चढल्या, दाराला झेंडूची तोरणे लागली, काउंटरवर रांगोळी आली. त्या सजावटीचे व्हाउचर मीच मंजूर केले. रक्कम बैलांच्या साजापेक्षा जास्त होती. खर्चाचे शीर्षक होते ‘संकीर्ण’. तिथे मला अनुत्पादक हा शब्द आठवला नाही.

तेव्हापासून मला एक शंका छळते. आपण सजावटीला उधळपट्टी म्हणतो, ते बहुधा दुसऱ्याच्या सजावटीला. त्यातही ज्याच्या खिशात कमी, त्याचा खर्च आपल्या डोळ्यांत आधी भरतो. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत आमचा वर्धा जिल्हा होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा सारा मुलूख हादरला होता. त्या काळात शहाणीसुरती माणसे चहा पिता पिता म्हणत, ‘हे लोक सणावारांत आणि लग्नांत पैसा उडवतात, मग कर्जबाजारी होतील नाही तर काय?’ लग्नांच्या कर्जाबद्दल ते अगदीच खोटे नव्हते. पण मी आयुष्यभर थकीत खाती चाळली आहेत. बियाणे दुबार पेरावे लागले, पावसाने दगा दिला, कापसाचा भाव पडला, घरात दुखणे निघाले, विहिरीला पाणी लागले नाही, ही कारणे मी शेकड्याने पाहिली. झुलीमुळे आणि गोंड्यांमुळे बुडालेले एकही खाते मला भेटले नाही.

आता मुख्याध्यापकांच्या वह्यांकडे येतो. त्यांचा मुद्दा मनाला भिडतो आणि म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. सजावटीवरचा पैसा वाचला तर तो वह्यांकडे जाईल, हे त्यात गृहीत धरलेले आहे. सुदैवाने, की दुर्दैवाने, हा प्रयोग आपण सगळ्यांनी करून पाहिला आहे. 2020 साली करोनामुळे गणपती साधेपणाने बसले. आमच्या लेआऊटमध्ये मखर नव्हते, माळा नव्हत्या, वर्गणीही गोळा झाली नाही. त्या वाचलेल्या पैशांच्या वह्या घेऊ या, असे कोणी सुचवले नाही. मीही सुचवले नाही. पैसा ज्याच्या त्याच्या खात्यात राहिला आणि कशात तरी विरघळला. शाळा बंद असल्या तरी वह्यांची गरज काही बंद झाली नव्हती. काटकसर आणि दानत ही दोन निराळी खाती आहेत. एकातून पैसे काढले म्हणजे ते आपोआप दुसऱ्यात जमा होत नाहीत.

काटकसरीची गोष्ट वर्ध्यात निघाली की सेवाग्रामचे नाव निघणारच. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. बापूकुटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे नको असलेली एकही वस्तू नाही. मातीच्या भिंती, कौले, चटया. पण जरा नीट पाहिले की त्याच भिंतींवर मातीतून उठवलेली चित्रे दिसतात. ताडाची झाडे आहेत, चरखा आहे, ॐ आहे. ती मीराबेनच्या हातची. एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी सारे सोडून इथे आली आणि तिने भिंत लिंपताना भिंतीवर झाडे काढली. त्या झाडांनी छप्पर पेलले जात नाही की पाऊस अडत नाही. पै-पैचा हिशेब मागणाऱ्या त्या महात्म्याने ती खरवडून टाकायला सांगितली नाहीत. पुढे तो स्वतःच त्या कुटीत राहायला गेला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तिथल्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावून घेतले. सजावटच नको, असे ते म्हणाले नाहीत. गावात जे मिळते त्यातून आणि गावच्या कारागिरांच्या हातून ती व्हावी, एवढीच त्यांची अट होती. बांबू, गवत, चटया यांतून सारे नगर उभे राहिले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्यांच्या मिरवणुकीचा सजवलेला रथ बैलांनी ओढला. स्वातंत्र्याच्या लढ्यातही तोरणाला जागा होती, हे वाचून मला माझा अहवाल पुन्हा आठवला.

मग हिशेब करायचा तो कसा? त्याचे उत्तरही मला वर्ध्यातच सापडले. शहरातल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योग संघाचे काम वर्षानुवर्षे केले. ते मुळात हिशेबनीस. लंडनला लेखापालाचे शिक्षण घेतलेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, वस्तू विकत घेणारा माणूस ती ज्या रीतीने तयार झाली त्या रीतीचाही वाटेकरी होतो. किंमत देऊन आपली जबाबदारी संपत नाही. आम्ही बँकवाले किती एवढेच विचारत होतो. कुमारप्पा कुठून आणि कुठे हे विचारत होते.

त्या धाग्याने मी तीन प्रश्नांवर येऊन थांबलो आहे. पहिला, पैसा स्वतःचा की उसना? कर्ज काढून, किंवा शेजारच्या मंडळाला खाली पाहायला लावायचे म्हणून जबरदस्तीने वर्गणी वसूल करून केलेली सजावट ही उधळपट्टीच, मग ती पाच रुपयांची का असेना. दुसरा, तो पैसा कोणाच्या हातात गेला? बुरुडाकडून बांबूची चौकट करून घेतली, फुलवाल्या बाईकडून झेंडू घेतला, तर तो पैसा कोणाच्या तरी घरी चूल पेटवतो. तिसरा, दुसऱ्या दिवशी काय उरले? आंब्याच्या पानांचे तोरण वाळून खतात जाते. थर्माकोलचे मखर मात्र जिथे टाकावे तिथे राहते. 2018 साली राज्य सरकारने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी घातली, ती उगीच नव्हे.

या कसोट्यांनी काही समजुती उलट्याही पडतात. रोशनाईवर वीज जाते, अशी तक्रार नेहमी होते. पाच वॉटची एलईडीची माळ रोज सहा तास, दहा दिवस लावली तर तीनशे वॉट-तास होतात, म्हणजे युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बिलात फार तर तीन-चार रुपये. इथे वीज हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो दरवर्षी नवी माळ आणून जुनी फेकण्याचा, कारण एक दिवा गेला की ती दुरुस्त करायला कोणाला सवड नसते.

माझ्या या हिशेबात दोन कच्चे दुवे आहेत, तेही सांगून टाकतो. हातची सजावट म्हटले की ती घरातल्या बायकांच्या वेळेतून होते आणि तो वेळ कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. माझी बायको हे ऐकून म्हणाली, ‘कुमारप्पांना म्हणावे, रांगोळीनंतर अंगण झाडायलाही या.’ दुसरे असे की, बाहेरगावाहून आलेल्या तयार माळा आणि कंदील रस्त्यावर विकणारा पोरगाही गरीबच असतो. त्याच्याकडून काही घेतले नाही तर त्याची दिवाळी अंधारात जाते. तेव्हा या तीन प्रश्नांची उत्तरे दर वेळी नीटनेटकी येतील असे नाही. पण विचारल्याशिवाय ‘उधळपट्टी’ हा शिक्का मारू नये, एवढे मला पटले आहे.

दोन दिवसांनी मी बैठकीत हे थोडक्यात सांगितले. बरीच चर्चा होऊन ठरले ते असे. जुन्या माळा एका मुलाने दुरुस्त करायच्या आणि त्याला मजुरी द्यायची. मखर बांबूचे करून घ्यायचे आणि पुढल्या वर्षी तेच वापरायचे. पानांची तोरणे पोरांनी करायची, आणि पोरांनी म्हणजे मुलग्यांनीसुद्धा. वह्यांसाठी मात्र सजावटीला कात्री लावायची नाही. त्याची यादी वेगळी. मुख्याध्यापकांनी तिथेच कागद पुढे केला आणि म्हणाले, ‘सजावटीला जेवढे देता तेवढेच इथे लिहा.’ पहिले नाव त्या तरुणाने लिहिले. दोन-तीन जण काही न लिहिताच उठून गेले, हेही नमूद करायला हवे.

त्या शेतकऱ्याची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. माझी बदली झाली. आता पोळ्याच्या तोरणाखाली जोड्या कमी दिसतात, कारण वावरात ट्रॅक्टर आले. तरी दर पोळ्याला मी जवळच्या एखाद्या गावी जाऊन तोरणापाशी उभा राहतो. कोणी नवी झूल घातलेली दिसली की जवळ जाऊन ती छान आहे असे सांगतो. केवढ्याला पडली, हे विचारत नाही.