कराची धरसोड : त्यांची आणि आपली

५ जुलै २०१९ च्या अंदाजपत्रकात केंद्र सरकारने दोन कोटींवरच्या उत्पन्नावर प्राप्तिकराचा अधिभार वाढवला. नेम देशातल्या अतिश्रीमंतांवर होता. पण मुंबई शेअरबाजारात पैसा लावणारे अनेक परदेशी फंड ट्रस्ट म्हणून नोंदलेले. तेही त्यात सापडले. त्यांनी शेअर विकायला काढले. २३ ऑगस्टला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी शेअरविक्रीच्या नफ्यावरचा वाढीव अधिभार मागे घेतला. बरोबर ४९ दिवस!

परदेशी गुंतवणूकदाराला शिव्या घालण्यात हशील नाही. कर ठरलेला असला तर तो हिशेबात धरून चालतो. उद्या किती लागेल हेच कळेना, तर जोखमीचे पैसे आधीच कापून तो कमी भाव देतो, नाहीतर ब्राझील-तैवानचा रस्ता धरतो. जानेवारी २०१२ मध्ये व्होडाफोनच्या खटल्यात सरकार सर्वोच्च न्यायालयात हरले आणि मार्चच्या अंदाजपत्रकात थेट १९६२ पासून लागू होणारी दुरुस्ती आणली. ती मागे घ्यायला २०२१ साल उजाडले. अशा सरकारवर कोण भरवसा ठेवील?

त्याच मार्च २०१२ मध्ये, ५ तारखेला, कापसाची निर्यात एका फटक्यात बंद झाली. आठवडाभरात बंदी सैल झाली. पण धास्तीने विकलेला कापूस परत येत नाही.

२०२५ चे पाहा. मृगात सरकी टोकली तेव्हा आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. १९ ऑगस्टला, कपाशी पात्या-फुलांवर असताना, ते शून्य केले. सांगितले, ३० सप्टेंबरपर्यंत. दहा दिवसांच्या आत मुदत ३१ डिसेंबरवर नेली, म्हणजे वेचणीचा बहुतेक हंगाम त्यात गेला. अमेरिकेच्या ५० टक्के आयातकराने गिरण्या अडचणीत आल्या होत्या हे खरे. पण त्यांची सोय कापूसवाल्याच्या खिशातून का?

परदेशी फंड कळ दाबून बाहेर पडतो, म्हणून दिल्ली त्याचे ऐकते. नळदुर्गच्या माळावरची कपाशी उपटून आपण कुठे नेणार? मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये होता. व्यापाऱ्याने त्याखाली मागितला, की सीसीआयच्या केंद्रावर रांग लावायची आणि ओलाव्याच्या नावाने कपात सोसायची.

जिल्हा बैठकीपुढे ठराव येत आहे. कापसाच्या आयात शुल्कात किंवा निर्यात धोरणात बदल करायचाच, तर तो मृगाआधी जाहीर करावा आणि वेचणी संपेपर्यंत त्याला हात लावू नये. हंगामाच्या मध्यात शुल्क घटवले, तर भावातली तूट सरकारने भरून द्यावी. गावोगावच्या शाखांनी २०२५ च्या हंगामातल्या विक्रीच्या पट्ट्या घेऊन यावे.