दरडीची नोटीस आणि घरात राहण्याचा हक्क

रायगड जिल्ह्यात आता विमानतळ आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उडू लागले. तिथे गेलेला माणूस कमरेचा पट्टा सोडतो, खिसे रिकामे करतो, हात पसरून उभा राहतो आणि अनोळखी जवानाला आपले अंग चाचपू देतो. रस्त्यात कोणी असे केले तर हातघाईवर येईल, असा माणूसही तिथे मुकाट्याने पुढे सरकतो. याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, पावसाळा तोंडावर आला की सुरक्षेची वेगळीच मागणी दारात येते. डोंगरउतारावरच्या वाड्यांना नोटीस मिळते की घर दरडप्रवण भागात आहे, सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. तिथे मात्र बरेच जण घर सोडत नाहीत.

त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. दरड म्हणजे काय हे या दोन तालुक्यांना शहरातल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावातील कोंडाळकरवाडी दरडीखाली गाडली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. सर्वांचे मृतदेहही मिळाले नाहीत. शेवटी शोध थांबवून बेपत्ता लोकांना मृत घोषित करावे लागले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडींनी जीव घेतले. माथ्यावरच्या महाबळेश्वरला त्या वेळी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हे सगळे पाहिलेली, त्यात नातेवाईक गमावलेली माणसे नोटीस हातात घेऊन घरातच राहतात. त्यांना धोका कळत नाही असे नव्हे. त्यांचा हिशेब वेगळा असतो, आणि तो नीट मांडला तर फारसा चुकीचाही निघत नाही.

आधी विमानतळाचा हिशेब पाहू. तपासणीला काही मिनिटे लागतात. ती मंत्र्यांसारख्या थोड्या सवलतवाल्यांखेरीज सर्वांची होते. तपासणी संपली की पट्टा परत कमरेला आणि माणूस आपल्या वाटेला. शिवाय नको असेल तर रेल्वेने जाता येते. नियम कायमचा असेल असेही नाही. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटके दडवून विमानात आणली, त्यानंतर अमेरिकेत बूट काढण्याची सक्ती आली आणि जुलै २०२५ मध्ये ती उठलीही. थोडक्यात, प्रवाशाकडून स्वातंत्र्याचा एक छोटा तुकडा थोड्या वेळासाठी उसना घेतला जातो.

तिथेही सगळ्यांना सारखी किंमत पडत नाही, हे सांगायला हवे. गुडघ्यात धातूचा सांधा असलेली बाई, छातीत पेसमेकर असलेला गृहस्थ, लघवीची पिशवी लावलेला वृद्ध यांची तीच तपासणी लांबते आणि चारचौघांत होते. नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये, दर खेपेला कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, अशी तक्रार जाहीरपणे केली. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली. नियम एकच असला तरी त्याचा भार शरीर पाहून कमी-जास्त होतो. डोंगरातल्या वाडीत तर हा फरक फारच मोठा होतो.

वाडीकडून मागितले जाते ते काही मिनिटे नव्हे, चार महिने. तेही जून ते सप्टेंबर, म्हणजे भाताची पेरणी, लावणी आणि बेणणीचे दिवस. गुरांना शाळेच्या वर्गात नेता येत नाही. दूध काढायला, वैरण घालायला दिवसातून दोनदा वर यावेच लागते. मग 'स्थलांतरित' माणूस निम्मा वेळ दरडीखालीच असतो, फक्त कागदावर नसतो. नोटिशीत कुठे जायचे, कोणाच्या खर्चाने आणि किती दिवस, याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तिचा अर्थ एकच उरतो. उद्या काही झाले तर 'आम्ही सांगितले होते' असे म्हणायची सोय झाली. रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर सही घेतात, तेव्हा धोका समजावून न सांगता आणि दुसरा पर्याय न देता घेतलेल्या सहीला संमती म्हणत नाहीत. पोचपावतीवर घेतलेल्या अंगठ्यालाही तोच न्याय लावायला हवा.

कायद्यात सक्तीचा अधिकार आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ नुसार जिल्हा प्राधिकरण धोक्याच्या क्षेत्रात माणसांच्या येण्या-जाण्यावर आणि वावरावर निर्बंध घालू शकते. आदेश धुडकावणाऱ्याला कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत. मात्र त्याच कलम ३४ मध्ये निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार पुरवण्याचाही उल्लेख आहे, आणि कलम १२ मदत-छावण्यांतील निवारा, पाणी, वैद्यकीय सोय व स्वच्छता यांचे किमान निकष ठरवायला सांगते. भारतात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे, आणि सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाच्या हक्काबाबत निकाल दिला. त्यातही कसोटी हीच होती की निर्बंधाला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि मात्रा प्रमाणात हवी. औषधाच्या मात्रेचे प्रमाण सर्वांना पटते. निर्बंधाच्या मात्रेचे तेवढे पटत नाही.

मात्रा ठरवायला थोडे गणित करावे लागते. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, एका तालुक्यात धोक्याच्या शंभर वाड्या आहेत आणि दहा वर्षांत त्यांतल्या दोन वाड्यांवर दरड येते. सर्वांना दर पावसाळ्यात चार महिने हलवायचे ठरवले तर दहा वर्षांत एक हजार वेळा वाड्या रिकाम्या होतील, आणि त्यांतल्या ९९८ वेळा परत आलेल्या माणसाला घर जागच्या जागी दिसेल. हा कोणाचा दोष नाही. आजार विरळ असला की चाळणी चाचणीचेही असेच होते. चाचणी कितीही चांगली असो, 'धोका आहे' असे सांगितलेल्यांपैकी बहुतेक जण निरोगीच निघतात. आता हेच स्थलांतर चार महिन्यांऐवजी फक्त अतिमुसळधार पावसाच्या दिवसांपुरते ठेवले आणि असे दिवस मोसमात पाच धरले, तर प्रत्येक वाडीचे १२० दिवसांचे निर्वासन पाच दिवसांवर येते. यात काही धोका हुकेल हे खरे. पण जो आदेश कोणीच पाळत नाही त्याने वाचणारे जीव शून्य असतात, आणि पाच दिवसांचा आदेश पाळला जाण्याची शक्यता निदान असते.

दरडीचे शास्त्रही साधारण याच दिशेने बोट दाखवते. कठीण खडकावर मातीचा आणि कुजलेल्या दगडाचा थर असतो. आधीच भिजलेल्या या थरात थोड्या वेळात प्रचंड पाणी मुरले की मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. त्यामुळे काही दिवसांचा साचलेला पाऊस आणि चालू असलेला पाऊस, या दोन आकड्यांना महत्त्व आहे. पण डोंगरात पाऊस एका खोऱ्यात एक आणि पलीकडच्या खोऱ्यात दुसराच असतो. तालुक्याच्या गावी मोजलेला पाऊस वाडीच्या उपयोगाचा असेलच असे नाही. साधे पर्जन्यमापक आणि ते रोज वाचणारा एखादा शिक्षक किंवा बारावी झालेली मुलगी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

याद्यांवर भिस्त ठेवण्यातला दुसरा धोका १९ जुलै २०२३ च्या रात्री दिसला. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली, आणि ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे सरकारनेच विधानसभेत सांगितले. चाचणी 'निगेटिव्ह' आली म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला घरी पाठवू नये, हे वैद्यकात पहिल्या वर्षी शिकवतात. यादीबाहेरच्या वाडीत लक्षणे दिसली तर ती यादीपेक्षा मोठी मानावी लागतात. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे आणि खांब कलणे, घराची दारे अचानक अडकणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे किंवा भलत्याच ठिकाणी फुटणे, ही ती लक्षणे. ती सर्वांत आधी तिथल्या रहिवाशालाच दिसतात. वरून कोणताही उपग्रह दाराची अडकलेली कडी सांगत नाही.

स्वातंत्र्याचा प्रश्न इथे थेट सुरक्षेचा होतो. भेग दिसली असे कळवल्यावर पोलीस येऊन घर रिकामे करणार आणि पुढची सोय ज्याची त्याने पाहायची, असे ठाऊक असेल तर माणूस ती भेग शेणामातीने लिंपून टाकतो. महाराष्ट्राने हे एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी साथरोग कायदा झाला आणि रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशांची शारीरिक तपासणी करण्याचा, संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आजच्या विमानतळावरच्या रांगेची ती आजी म्हणायला हरकत नाही. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घरांत घुसून झडती घेऊ लागले. परिणाम असा झाला की लोकांनी आजारी माणसे दडवली, काखेतली गाठ लपवली, घरे सोडून पळाले आणि जाताना साथही बरोबर नेली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबाराची गोष्ट शाळेत शिकवली जाते. लपवलेल्या रुग्णांची शिकवली जात नाही, आणि साथीच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची होती.

माणसे हलवण्यालाही आरोग्याची किंमत असते, आणि ती बहुधा मोजलीच जात नाही. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात अणुभट्टीच्या अपघातानंतर रुग्णालये आणि वृद्धाश्रम घाईने रिकामे केले गेले. त्या प्रांतात स्थलांतराच्या हालअपेष्टांमुळे दगावलेल्यांची, म्हणजे आपत्तीशी संबंधित मृत्यूंची, नोंद दोन हजारांहून अधिक झाली. प्रत्यक्ष भूकंप आणि त्सुनामीत तिथे गेलेल्यांपेक्षा ती जास्त आहे. यात बहुतेक म्हातारी माणसे होती. कोकणातल्या वाडीत आज मागे राहिली आहेत तीही म्हातारीच, कारण तरुण मुंबई-पुण्याला असतात. शाळेच्या खोलीत चाळीस माणसे आणि एक शौचालय असले की म्हाताऱ्या बायका पाणी पिणे कमी करतात. मग लघवीचा जंतुसंसर्ग, चक्कर, पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे. रक्तदाबाच्या गोळ्या घरातल्या फळीवर राहतात, इन्सुलिन थंड ठेवायला जागा नसते, क्षयाच्या औषधांत खंड पडतो. पूर ओसरताना लेप्टो येतो. जमिनीवर अंथरूण टाकून झोपण्याचा अर्थ या तालुक्याला वेगळा सांगायला नको. विंचूदंशावर महाडमध्येच डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेले काम जगभर वाचले गेले आहे.

याचा अर्थ कोणाला हलवूच नये असा मुळीच नाही. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये 'फायलीन' आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. तिथे चालत जाण्याच्या अंतरावर पक्के निवारे बांधले होते, आणि वादळ गेल्यावर लोक दोन-चार दिवसांत घरी परतत होते. लोकांनी स्वातंत्र्य दिले ते कुठे आणि किती दिवस हे माहीत असल्यामुळे. इतकी तयारी असेल तर धोक्याच्या त्या काही तासांत सक्ती करायलाही संकोच नको. विशेषतः घरात लहान मुले असतील तर 'मी मरेन पण हलणार नाही' हा घरमालकाचा हक्क त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

कायमच्या पुनर्वसनाचा विषय वेगळा आहे आणि तो पावसाळी नोटिशीत मिसळू नये. तळीयेच्या वाचलेल्या कुटुंबांना म्हाडामार्फत घरे द्यायचे ठरले, तरी मधला काळ त्यांना कंटेनरच्या घरांत काढावा लागला. उन्हात पत्रा किती तापतो हे शेजारच्या वाड्यांनी पाहिले आहे. पुढची नोटीस वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे तेच येते.

तोवर करण्यासारखे काम लहान आणि कंटाळवाणे आहे. आशा सेविकेकडे वाडीतल्या गरोदर बाया, अंथरुणाला खिळलेले, रोजची औषधे घेणारे यांची यादी असावी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या एका पिशवीत बांधून ठेवाव्यात. निवाऱ्याजवळ गुरांसाठी छप्पर असावे. शौचालयाला पाणी आणि आतून कडी असावी. आणि किती पाऊस झाला की निघायचे, हा आकडा मे महिन्यातच ग्रामसभेत ठरावा. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले होते, रस्ते बंद होते आणि बचाव पथकांना तळीयेपर्यंत पोचायला दुसरा दिवस उजाडला. अशा दिवशी तालुक्याहून आदेश येण्याची वाट पाहता येत नाही. निघायचे की नाही हे दुपारी उजेड असताना वाडीतच ठरते, आणि त्या वेळी शाळेची किल्ली वाडीतच कोणाकडे तरी असावी लागते.