डॉक्टर होणाऱ्याने अर्ज का करू नये?

नीटचा निकाल लागला की धाराशिव जिल्ह्यात पेढ्यांच्या मागोमाग सल्ले येतात. कळंब असो, परंडा असो की उमरगा, ज्या घरातल्या पोराला किंवा पोरीला एमबीबीएसची जागा मिळण्याची चिन्हे दिसतात, त्या घराच्या ओट्यावर चार जाणती माणसे जमतात आणि बोलणे पैशावर येते. 'दोन एकर काढून टाका, पोरगं डॉक्टर झालं की चार एकर घेईल.' 'बँकेचं लोन करा, दोन वर्षांत फिटतंय.' 'सरकारी मदतीच्या नादी लागू नका, चपला झिजतील, हातात काही पडायचं नाही.' हे सांगणारे वैरी नसतात. मामा असतात, शाळेतले गुरुजी असतात, सोसायटीचे माजी चेअरमन असतात. म्हणूनच त्यांचे म्हणणे नीट तपासायला हवे. त्यांच्या शब्दावर झालेला व्यवहार त्या घराला पुढची दहा-बारा वर्षे पुरतो.

पहिला आक्षेप अब्रूचा. 'डॉक्टर होणारं पोरगं, आणि गरिबीचा दाखला काढत फिरायचं?' असे म्हणणाऱ्यांना वाटते की आर्थिक मदतीचा अर्ज म्हणजे हात पसरणे. वैद्यकीय शिक्षणाचा आपलाच इतिहास मात्र वेगळे सांगतो. रखमाबाई १८८९ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेल्या त्या लोकांनी उभ्या केलेल्या पैशावर. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यासाठी खटपट केली, शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. नवऱ्याच्या घरी नांदायला नकार दिल्याबद्दल कोर्टात खेचली गेलेली, 'केसरी'ने जिच्यावर टीकेचा भडिमार केला अशी ही बाई. वर्गणीच्या पैशावर शिकताना तिची अब्रू गेली नाही. १८९४ मध्ये ती डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी सुरतच्या रुग्णालयात रुजू झाली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करताना त्यांना शाहू महाराजांची मदत झाली आणि नवल भाथेना या पारशी मित्राकडून कर्जही घ्यावे लागले. ज्यांच्या जयंतीला आपण गावात मिरवणूक काढतो त्यांनी मदत घेतलेली चालते, आणि आपल्या पोराने फॉर्म भरला की कमीपणा येतो?

शिवाय आजची मदत कुणा संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाचे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अट तीच, ८ लाखांची, आणि व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश त्यात बसत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्क माफ पण निर्वाहभत्ता नाही. हे सगळे लेखी नियम आहेत. सोयाबीनच्या पीकविम्याचा अर्ज भरताना कुणाला लाज वाटत नाही. मग याच अर्जाची का वाटावी?

दुसरा आक्षेप जास्त धूर्त आहे, कारण तो हिशेबाचा आव आणतो. 'डॉक्टर लाखांनी कमावतो, त्याला कशाला फुकट? कर्ज काढावं, कमवावं, फेडावं.' आता हिशेबच करू. सरकारी महाविद्यालयातही एमबीबीएसचे वर्षाचे शुल्क लाखाच्या पुढे आहे. राहणे, मेस, पुस्तके, प्रवास धरून समजा वर्षाला २ लाख रुपये कर्ज उचलले, पाच वर्षे, एकूण १० लाख. दर १० टक्के. शिक्षण साडेचार वर्षांचे, आंतरवासिता एक वर्षाची, त्यावर बँकेने दिलेली एक वर्षाची सवलत. म्हणजे हप्ते सुरू व्हायला साडेसहा वर्षे. व्याज सरळ धरले तरी पहिल्या हप्त्यावर १ लाख ३० हजार चढलेले असतात, शेवटच्यावर ५० हजार. सगळे मिळून साडेचार लाख. १० लाखांचे साडेचौदा लाख होतात तेव्हा हा मुलगा नुसता एमबीबीएस असतो. सरकारी जागेवर शिकल्याबद्दल त्याला एक वर्ष शासकीय सेवेचे बंधपत्र पाळायचे असते, नाहीतर १० लाखांचा दंड. एमडी किंवा एमएस करायचे तर आणखी तीन वर्षे. ओट्यावर बसलेल्या मामांना जो लाखांनी कमावणारा डॉक्टर दिसतो तो तिशी ओलांडलेला असतो. कर्जाचे व्याज मात्र अठराव्या वर्षापासून चालू असते.

आणि कर्ज तरी सहज मिळते का? ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पतहमी योजनेत साडेसात लाखांपर्यंतही लागत नाही, हे कागदावर खरे. पण कर्जाला सहकर्जदार म्हणून बाप लागतो आणि बापाचे सिबिल पीककर्जाच्या थकबाकीने आधीच खाली आलेले असते. सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला की शेतकऱ्याच्या कर्जखात्याचे काय होते हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना चांगली आहे. विनातारण, विनाजामीन कर्ज, ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १० लाखांच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट. पण ती राष्ट्रीय क्रमवारीतल्या निवडक संस्थांपुरती आहे. जे महाविद्यालय काल उघडले आणि क्रमवारीत ज्याचे नावच नाही, तिथल्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग काय? कर्ज वाईट नाही. शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, निर्वाहभत्ता हे सगळे घेऊन जे उरेल तेवढ्यासाठी ते काढावे. आपल्याकडे क्रम उलटा लागतो. आधी कर्ज, आधी जमीन, आणि फॉर्म जमलाच तर.

जमिनीबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे. लातूरला दोन वर्षे शिकवणी आणि खोलीभाडे करताना बऱ्याच घरांतले सोने आधीच गहाण पडलेले असते. म्हणजे एमबीबीएसचा पहिला रुपया भरण्याआधीच हे घर रिकामे झालेले असते. त्यावर दोन एकर विकणे म्हणजे धाकट्या भावंडाचे शिक्षण विकणे. हा हिशेब ओट्यावर कुणी मांडत नाही, बहुधा धाकटे भावंड मुलगी असते म्हणून.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्यात तथ्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'खोटे उत्पन्नाचे दाखले काढून बागायतदारांची पोरं शिष्यवृत्ती घेतात.' घेतात. पगारदाराचे उत्पन्न फॉर्म सोळावर छापलेले असते. व्यापाऱ्याचे आणि मोठ्या बागायतदाराचे तलाठ्याच्या अहवालात हवे तितके लहान होऊ शकते. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? जो खोटा दाखला काढतो त्याला एजंट माहीत असतो, चार पैसे सोडायची तयारी असते. अटी वाढवल्या, फेऱ्या वाढवल्या की तो अडत नाही. अडते ती वाशी तालुक्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी. आईवडील सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर, आणि दाखल्यावर सही करणारे इकडे. जमिनीच्या, वाहनांच्या, प्राप्तिकराच्या नोंदी शासनाच्याच संगणकांत आहेत. त्या जुळवून लबाडाला पकडणे हे शासनाचे काम. त्याची शिक्षा प्रामाणिक अर्जदाराला रांगेत उभे करून देऊ नये.

चौथा, 'सरकारने शिकवायचे आणि यांनी पुण्या-मुंबईत दवाखाने थाटायचे.' सरकारी जागेवरचा प्रत्येक विद्यार्थी बंधपत्र लिहून देतो, हे वर आलेच. बाबासाहेबांनीही बडोद्याशी दहा वर्षांच्या नोकरीचा करार केला होता आणि १९१७ मध्ये ते तो पाळायला गेलेही. बडोद्यात त्यांना राहायला घर मिळाले नाही, पारशी खाणावळीतून हुसकावले गेले, आणि त्यांना परतावे लागले. तेव्हाचे कारण जात होते. आज कारणे इतर असतील. पण शिकवलेला माणूस आपल्याकडे टिकावा असे वाटत असेल तर नुसता करार पुरत नाही, त्याला राहण्याजोगे घरही द्यावे लागते. ग्रामीण आरोग्य केंद्रातले डॉक्टरांचे निवासस्थान कसे असते हे भूम-परंड्याच्या माणसाने स्वतः जाऊन पाहावे आणि मग बोलावे.

आता या सगळ्यांपेक्षा जड असलेला आक्षेप, जो विद्यार्थी स्वतः घेतात: 'फॉर्म भरला तरी पैसे वेळेवर कुठं येतात?' हा खोडून काढता येत नाही, आणि माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे. सीईटी कक्षाच्या फेरीत जागा लागली की मूळ कागदपत्रे आणि शुल्क घेऊन महाविद्यालयात हजर व्हायला थोडेच दिवस असतात. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तो प्रवेश झाल्यावर. तो आधी महाविद्यालयातल्या कारकुनाच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या. मध्येच कुठेतरी 'सेंट बॅक' होतो, कारण डोमिसाईलची प्रत अस्पष्ट आहे किंवा बँक खात्याला आधार जोडलेले नाही. म्हणजे मदत मंजूर होईपर्यंतचे महिने बापाने काढायचे, आणि तो ते काढतो सावकाराच्या पैशावर. उशिरा आलेली शिष्यवृत्ती तेव्हा मुलाच्या शिक्षणावर खर्च होत नाही, ती सावकाराच्या व्याजात जाते. शासनाच्या हिशेबात मात्र लाभार्थी एक, रक्कम अदा, अशीच नोंद राहते.

नियम असे सांगत नाहीत. पात्र विद्यार्थ्याकडून शासन भरणार असलेली रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये, हे महाविद्यालयांना वारंवार बजावले गेले आहे. मुलींच्या शुल्कमाफीच्या वेळी तर फारच ठासून. तरी काउंटरवरचा माणूस म्हणतो, 'आधी भरा, मग मिळाले की परत देऊ.' खासगी महाविद्यालये यावर म्हणतात की शासनाकडून त्यांचीच रक्कम थकते. खरे असेल. पण शासन आणि संस्था यांच्या देण्याघेण्यात जामीन म्हणून लोहाऱ्याच्या शेतकऱ्याला का उभे करायचे?

शाहू महाराजांचे नाव दिलेली योजना शुल्क देते, पण महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये आधी काढले ते वसतिगृह. खेड्यातल्या पोराचे शिक्षण फीपेक्षा राहण्या-जेवण्यावर अडते, हे त्यांना कळले होते. सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशातला ७०:३० चा प्रादेशिक कोटा रद्द झाला, मराठवाड्यातल्या मुलांना राज्यभर दारे उघडली, ते योग्यच झाले. पण आता आपली मुले मुंबई-पुण्यातही शिकायला जातात आणि सिंधुदुर्गातही. राहण्या-जेवण्यासाठीच्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात, म्हणजे महिन्याला ५ हजार. तेवढ्यात मुंबईत खोली आणि दोन वेळचे जेवण जमवून दाखवावे. शरीररचनाशास्त्राचे चौरसियाचे खंड सीनियरकडून जुने मिळतील, हाडांचा संचही मिळेल. जेवण जुने मिळत नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे: अर्ज हा प्रवेशाचाच भाग धरला जावा. प्रवेशाच्या दिवशी ज्या खोलीत कागदपत्रे तपासली जातात, त्याच खोलीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरून, मंजूर करून, पावती हातात द्यावी. कागदपत्रे तीच, माणूस तोच, संगणक तोच. धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा १०० आहेत; शंभर अर्जांसाठी एक टेबल आणि आठवडाभराचे काम पुरते. नीती आयोगाने २०१८ मध्ये ज्या जिल्ह्याला आकांक्षित म्हटले त्या जिल्ह्यातल्या नव्या महाविद्यालयाने हे आधी करून दाखवायला हरकत नाही. २०२२ साली दाखल झालेली त्याची पहिली तुकडी आंतरवासिता संपवून बाहेर पडायला २०२८ उजाडेल. त्या तुकडीतले किती जण कर्जमुक्त बाहेर पडतात, हे महाविद्यालयाने मोजावे आणि जाहीर करावे.

तोवर विद्यार्थ्यांनी वाट पाहू नये. बारावीच्या वर्षातच उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, जातवैधता काढायला टाकावी. व्हॅलिडिटी निकालानंतर काढायला गेलात तर उशीर झाला समजा. खात्याला आधार जोडून घ्यावे. शुल्क मागितले तर लेखी मागावे आणि पावती घ्यावी. आणि जे आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत, ज्यांनी एकदा 'सेंट बॅक'चा फेरा भोगला आहे, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत गावी आल्यावर गल्लीतल्या एका बारावीच्या पोराला जवळ बसवून त्याच्या कागदांची यादी करून द्यावी.