बादलीभर पाणी आणि ओहमचा नियम

काशीला ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. त्यांतल्याच एका ओळखीच्या घरी २०१४च्या जानेवारीत मी चार दिवस उतरले होते. थंडी अशी की, अंगावरची रजई काढवत नव्हती. सकाळी साडेसातला काकूंनी बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडला. तासाभराने बोट बुडवण्याआधी बटण बंद करून प्लग काढला (ही त्यांची शिस्त मला फार आवडली) आणि म्हणाल्या, “बघ, अजून कोमटच! हा रॉड म्हातारा झाला गं. पूर्वी अर्ध्या तासात आधण यायचं.”

त्याच संध्याकाळी काकांनी बाजारातून नवा रॉड आणला. जुना १००० वॅटचा होता, हा २००० वॅटचा. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात पाणी कढत! काकू खूश.

तिसऱ्या दिवशी संक्रांत. काका पहाटे चारला उठले, रॉड लावला आणि पूजेच्या तयारीला लागले. थोड्या वेळाने घरभर जळका वास सुटला. स्विचबोर्डावरचा प्लग काळा पडून वितळू लागला होता. काकांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून बरे. बोर्ड लाकडी, वर कपड्यांची दोरी आणि बाहेर दोन माणसे जेमतेम जातील एवढी गल्ली. पुढचा विचारही नको वाटतो.

काकूंनी दोष नव्या रॉडला दिला. वाचकहो, खरे तर जुना रॉड म्हातारा झाला नव्हता आणि नवा रॉडही खराब नव्हता. दोघेही आपापल्या हिशेबाने बरोबर वागत होते. तो हिशेब घरात कोणी केला नव्हता, इतकेच.

हिशेब दोन ओळींचा आहे. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, टाकीतल्या पाण्याच्या दाबासारखा. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह. व्होल्टना अँपिअरने भागले की तारेचा रोध मिळतो, तो ओहममध्ये. व्होल्टना अँपिअरने गुणले की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. पहिला नियम जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. तेव्हा त्याची फारशी कदर झाली नाही. आज तो दहावीच्या पुस्तकात आहे.

आता जुना रॉड घ्या. त्यावर लिहिलेले १००० वॅट हे २३० व्होल्ट मिळाले तर. १००० भागिले २३० म्हणजे सुमारे ४.३५ अँपिअर. २३० भागिले ४.३५ म्हणजे रोध झाला जवळजवळ ५३ ओहम. रॉडचा हा रोध फारसा बदलत नाही. बदलतो तो दाब. सकाळी साडेसातला सारी गल्ली पाणी तापवत असे. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर येणारा दाब दाखवणारा काटा मी पाहिला, तो १६० वर होता. १६० भागिले ५३ म्हणजे ३ अँपिअर. १६० गुणिले ३ म्हणजे ४८० वॅट. दाब तिसऱ्या हिश्शाने उतरला आणि शक्ती मात्र निम्म्याहून खाली आली! कारण दाब उतरला की प्रवाहही उतरतो, म्हणजे मार दुहेरी बसतो. अर्ध्या तासाच्या पाण्याला तासाहून अधिक लागले ते यामुळे.

नव्या रॉडचा रोध सुमारे साडेसव्वीस ओहम, म्हणजे जुन्याच्या निम्मा. १६० व्होल्टवर तो ६ अँपिअर घेत होता. भिंतीवरचा लहान पॉइंट ६ अँपिअरचाच, म्हणून कसेबसे निभावले. पण पहाटे चारला सारी गल्ली झोपलेली. दाब पुरा २३० आणि प्रवाह ८.७ अँपिअर!

त्यातून पॉइंट जुना, प्लग सैल. सैल जोडालाही स्वतःचा रोध असतो. तो अर्धा ओहम धरला, तर ६ अँपिअरवर तिथे १८ वॅट उष्णता होते आणि ८.७ अँपिअरवर ३८ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची सोल्डरिंग साधारण २५ वॅटची असते. म्हणजे तापलेली सोल्डरिंगच जणू प्लगमध्ये खोचून ठेवली होती. फ्यूज का उडाला नाही? त्यातली तार १५ अँपिअरची. तिच्या दृष्टीने सगळे आलबेल होते!

काकूंचा नातू दहावीत. त्याने मला ओहमचा नियम घडाघडा म्हणून दाखवला. पण पाठ केलेला नियम वहीतून भिंतीवरच्या पॉइंटपर्यंत पोहोचला नव्हता. १९१९ साली ज्या शहरात हिंदू विश्वविद्यालयाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, त्या शहरातली ही गोष्ट. पण आपल्या घरी तरी वेगळे काय असते?

म्हणून एवढे करा. कोणतीही नवी वस्तू लावण्यापूर्वी तिच्यावरचे वॅट वाचा आणि २३० ने भागा. उत्तर सहाच्या जवळ आले, तरी लहान पॉइंट नको. मोठा १६ अँपिअरचा पॉइंट, जाड तार आणि अर्थिंग हवेच. प्लग हाताला गरम लागला, तर तो त्याच दिवशी बदलून घ्या. आणि दाब कमी असताना फ्रिज किंवा पंपाला रॉडचा हिशेब लावू नका. मोटर कमी दाबात उलट जास्त प्रवाह ओढते आणि जळते.

आणखी एक. बिलाची भीती नको. बादलीभर पाण्याला साधारण अर्धा युनिट लागतो, मग रॉड लहान असो की मोठा. मोठा रॉड फक्त वेळ वाचवतो.

पुढे २०१७पर्यंत जुन्या काशीच्या बऱ्याच भागातल्या लोंबत्या तारा जमिनीखाली गेल्या. काकूंकडे भिंतीवर आता मोठा पॉइंट आहे, आणि त्याच्या वर नातवाने खडूने लिहिलेले आकडे: २००० भागिले २३०. काकू ते पुसू देत नाहीत.