श्रेयांक जमा आहेत, पण पदवीत धरले जातील का?

बदलीच्या नोकरीतील पालकांना एक प्रश्न वर्षानुवर्षे छळत आला आहे. मुलगा किंवा मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना बदलीचा हुकूम निघतो आणि आजवर झालेले शिक्षण नव्या गावी धरले जाईल की नाही, हे कोणीच खात्रीने सांगत नाही. म्हैसूरला केंद्र सरकारच्या अनेक संस्था असल्यामुळे अशी मराठी कुटुंबे येथे नेहमीच भेटतात.

कागदोपत्री हा प्रश्न सुटलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे विनियम लागू केले. विद्यार्थ्याने कोठेही मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, त्याच्या खात्यात जमा होतात आणि साधारणतः सात वर्षे वापरता येतात. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळवले की पुरते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या विनियमांनी ‘स्वयम्’वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांची मर्यादा एका सत्रातील अभ्यासक्रमांच्या २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेली.

मात्र ‘बँक’ हा शब्द फसवा आहे. रिझर्व्ह बँकेची नोट दुकानदार नाकारू शकत नाही, कारण तिच्यामागे कायदा उभा असतो. श्रेयांकाचे तसे नाही. तो खात्यात दिसतो. पण तो कोणत्या विषयाऐवजी धरायचा, हे ज्या त्या विद्यापीठाची विद्या परिषद ठरवते. ऑनलाइन श्रेयांक कोणत्याही विद्यापीठाने नाकारू नयेत, असे आयोगाच्या २०१६ च्या विनियमांतच म्हटले होते. तरीही प्रत्यक्षात ‘हा अभ्यासक्रम आमच्या मंजूर यादीत नाही’ एवढे एक वाक्य पुरेसे ठरते. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीने बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, केंद्रावर जाऊन परीक्षा दिली, प्रमाणपत्रही मिळवले. महाविद्यालयाने ते तोंडी नाकारले. त्याच विषयाचे तेच पाठ तिने पुढील सत्रात पुन्हा गिरवले. लेखी उत्तर तिला आजतागायत मिळालेले नाही.

यात कोणी दुष्ट आहे असे मला वाटत नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी आधी हे पाहतो की निर्णयाची किंमत कोण मोजतो. श्रेयांक स्वीकारला तर विभागाचा अध्यापनभार घटतो आणि त्या भारावरच शिक्षकांची पदे ठरतात. शिवाय स्वीकारलेला अभ्यासक्रम निकृष्ट निघाला तर नाव पदवी देणाऱ्याचे जाते. नाकारला तर संस्थेचे काहीच जात नाही. जाते ते विद्यार्थ्याचे अर्धे वर्ष आणि पालकाचे शुल्क. अशा व्यवस्थेत नकार हेच शहाणपण ठरणार.

संस्थांची भीती सर्वस्वी निराधारही नाही, याचा पुरावा म्हैसूरनेच दिला आहे. येथील कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ साली स्थापन झाले. त्यामागे म्हैसूर विद्यापीठाच्या पत्रद्वारा शिक्षणाची १९६९ पासूनची परंपरा होती. पुढे राज्याबाहेरील केंद्रे आणि खासगी संस्थांशी केलेले करार यांवरून वाद झाला आणि २०१५ साली आयोगाने जाहीर केले की २०१२-१३ नंतर या विद्यापीठास मान्यता नाही. २०१८ साली मान्यता पुन्हा मिळाली. पण मधल्या वर्षांत शुल्क भरून, परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्यांच्या हाती राहिली ती वादग्रस्त प्रमाणपत्रे. करार त्यांनी केले नव्हते. भरपाई मात्र त्यांनी केली.

मान्यता आणि विद्या या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मराठी वाचकास तरी नव्याने सांगायला नको. १९१६ साली नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या संस्थानात म्हैसूर विद्यापीठ निघाले. त्याच वर्षी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले. पहिल्यामागे राजसत्ता होती, म्हणून त्याच्या पदवीला पहिल्या दिवसापासून आधार मिळाला. कर्व्यांच्या विद्यापीठाला वैधानिक मान्यता मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. मधल्या पस्तीस वर्षांत तेथे शिकलेल्या स्त्रिया कमी शिकल्या, असे कोण म्हणेल? असो.

आता यात नवी गुंतागुंत आली आहे. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम शिफारशींनंतर कर्नाटकाने मे २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी सोडून पुन्हा तीन वर्षांची स्वीकारली. महाराष्ट्राने मात्र राष्ट्रीय धोरणाची चौकट ठेवली आहे. आयोगाचे अध्यक्ष मराठी, तेही विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. त्यांच्या मताशी सहमत असावे की नसावे हा स्वतंत्र विषय. पण म्हैसूरहून पुण्याला किंवा सोलापूरला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रेयांक कोणत्या सत्रात बसवायचे, हे त्या दोन चौकटींमध्ये लटकत राहते.

उपाय फार मोठा नाही. पोर्टल आहे, विनियम आहेत. उणीव उत्तरदायित्वाची आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने तीस दिवसांची मुदत घातली. कर्नाटकाच्या ‘सकाल’ कायद्याने, म्हणजे २०११ च्या सेवा हमी कायद्याने, विलंबाबद्दल अर्जदारास दिवसाला वीस रुपये आणि जास्तीत जास्त पाचशे रुपये देण्याची तरतूद केली. रक्कम किरकोळ आहे, पण ती कोणाच्या तरी नावावर पडते आणि म्हणून फाईल हलते. हेच तत्त्व येथे का नको? सत्र सुरू होण्यापूर्वी मंजूर अभ्यासक्रमांची यादी जाहीर व्हावी. यादीबाहेरील अर्जावर तीस दिवसांत लेखी आणि सकारण निर्णय मिळावा. मुदत उलटली तर श्रेयांक मंजूर मानला जावा. नकाराविरुद्ध त्याच महाविद्यालयाबाहेर अपील असावे. नाकारण्याचा अधिकार विद्या परिषदेकडे राहू द्यावा, पण गप्प बसण्याचा नको.

तोवर बदलीच्या वाटेवरील पालकांनी एवढे करावे. ऑनलाइन अभ्यासक्रमास नोंदणी करण्यापूर्वी महाविद्यालयाची परवानगी लेखी घ्यावी आणि आवक क्रमांकासह ती प्रत जपून ठेवावी. म्हैसूर सोडताना गुणपत्रिकांबरोबर प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रतही मागून घ्यावी. नव्या गावातील समकक्षता समिती पहिल्यांदा तीच मागते, आणि दूर गेल्यावर ती मिळवायला महिने लागतात.