एका कादंबरीची शब्दसंपत्ती

रोजच्या बोलण्यात क्वचित येणारे, पण अग्रलेख, निकालपत्रे, शोधनिबंध आणि स्पर्धा परीक्षांचे उतारे यांत सतत भेटणारे शब्द ही प्रगत इंग्रजीची ओळख आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेला कल्याणचा विद्यार्थी कामापुरते इंग्रजी बोलतो, अर्ज लिहितो; अडतो तो याच शब्दांपाशी. त्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे शब्दांची यादी पाठ करणे. पाठ केलेला शब्द परीक्षेपर्यंत टिकतो, पण लिहिताना हाताशी येत नाही. तो कोणाबद्दल वापरायचा, कोणत्या सुरात, कोणत्या शब्दाच्या जोडीने, हे यादीत नसते. लोकप्रिय कादंबरीत हे सगळे असते आणि पुढे काय होणार या ओढीने वाचक पाने उलटत राहतो.

हा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेली पिढी शेक्सपिअर आणि मिल यांच्या बरोबरीने इंग्लिश कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या रहस्यमय कादंबऱ्याही आवडीने वाचत होती. हरि नारायण आपटे यांच्या १८८५ सालच्या ‘मधली स्थिती’मागे रेनॉल्ड्सच्याच कादंबरीची प्रेरणा होती. वाचनाची सोयही जुनीच: कल्याणमध्ये सार्वजनिक वाचनालय १८६४ सालीच सुरू झाले.

कोणते पुस्तक निवडावे, याचे उत्तर अभ्यासकांनी आकड्यांत दिले आहे. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या मांडणीनुसार मूळ इंग्रजी कादंबरी विनासायास वाचण्यासाठी तिच्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे माहीत असावी लागतात. एक मूळ शब्द आणि त्याची सर्व रूपे मिळून एक शब्दकूळ होते. ९८ टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. तीनशे शब्दांच्या पानावर असे सहा शब्द येतात. ९५ टक्क्यांवर हीच संख्या पंधरा होते आणि अर्थ लावताना दम लागतो. म्हणून पुस्तक हाती घेतल्यावर मधलेच एखादे पान उघडून अनोळखी शब्द मोजावेत. सहाच्या आसपास निघाले तर पुस्तक योग्य; पंधराच्या वर गेले तर ते पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

दुसरा प्रश्न शब्द टिकण्याचा. १९७८ साली सरागी, नेशन आणि माइस्टर यांनी अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीवर प्रयोग केला. तिच्यात रशियन मुळांवरून घडवलेले दोनशेहून अधिक अनोळखी शब्द आहेत. शब्दांची चाचणी होणार हे न सांगता वाचकांना कादंबरी वाचायला दिली. नंतर पर्यायी प्रश्नांच्या चाचणीत त्यांनी सरासरी तीन चतुर्थांश शब्दांचे अर्थ बरोबर ओळखले. कादंबरीत यांतला प्रत्येक शब्द सरासरी पंधरा वेळा येतो, हे त्यामागचे मोठे कारण. याची उलट बाजू २००३ सालच्या वॉरिंग आणि ताकाकी यांच्या प्रयोगात दिसते. जपानी विद्यार्थ्यांनी एक सोपी केलेली कथा एकदाच वाचली. तिच्यातल्या पंचवीस नव्या शब्दांपैकी वाचल्यावर लगेच सरासरी पाचांचेही अर्थ त्यांना स्वतःहून सांगता आले नाहीत, आणि तीन महिन्यांनी जेमतेम एकाचा उरला.

दोन्ही प्रयोगांचा अर्थ एकच आहे: शब्द पुन्हा पुन्हा भेटला तरच राहतो. मराठी माध्यमातल्या मुलाला अवघड इंग्रजी शब्द येत नाही, ही त्याच्या बुद्धीची उणीव नव्हे. तो शब्द त्याला पुरेशा वेळा भेटलेलाच नसतो. हे निदान आपल्याच उपखंडात झाले होते. ढाक्यात अध्यापक महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२०च्या दशकात बंगाली मुलांची इंग्रजी पुस्तके तपासली. नव्या शब्दांची गर्दी फार आणि त्यांची पुनरावृत्ती थोडी, असे त्यांना आढळले. त्यातूनच त्यांनी क्रमिक वाचनमालेची नवी पद्धत उभी केली.

या कसोट्यांवर चांगली उतरणारी कादंबरी म्हणजे आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’. ती १९०१-०२मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः आली, त्यामुळे जवळपास प्रत्येक प्रकरण उत्कंठेवर थांबते. पंधरा प्रकरणे, साधारण साठ हजार शब्द. डॉयल यांचे निधन १९३० साली झाले. पुस्तक हक्कमुक्त आहे आणि प्रोजेक्ट गटेनबर्गवर विनामूल्य मिळते. तिचा नायक, गुप्तहेर शेरलॉक होम्स, मराठी वाचकाला भाषांतरांतून परिचित आहेच. इंग्रजी फारच जड वाटले तर आधी मराठीत कथा वाचून घेण्यात कमीपणा नाही. कथानक माहीत असले की सगळे लक्ष शब्दांकडे देता येते.

या कादंबरीतले प्रगत शब्द तीन गटांत पडतात. पहिला गट तर्काचा: हायपॉथिसिस, इरोनिअस, फॅलसी. पहिल्याच प्रकरणात एका विसरलेल्या काठीवरून तिच्या मालकाचा अंदाज बांधताना हे शब्द येतात, आणि पुढे महाविद्यालयाच्या कोणत्याही शाखेत लागतात. दुसरा गट वारसाहक्काचा आणि कायद्याचा: एअर, इस्टेट, लीगसी, इन्क्वेस्ट. तिसरा गट वातावरणाचा: मेलँकली, डेसोलेट, सिनिस्टर, ग्लूमी. इंग्लंडमधल्या डार्टमूरचा उजाड माळ कादंबरीच्या बऱ्याच भागात पसरलेला असल्याने हे शब्द वेगवेगळ्या वाक्यांत परत परत येतात. खिन्न, उजाड, अभद्र, भयाण या छटा मराठी वाचकाच्या मनात आधीपासून असतात. त्यांना फक्त इंग्रजी नाव मिळते. मराठी वाचन भक्कम असलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी शब्द लवकर उमगतात ते यामुळेच.

एका शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. पहिल्या प्रकरणात होम्स आपला मित्र वॉटसन याच्या बुद्धीविषयी बोलताना ‘ल्युमिनस’ हा शब्द वापरतो. तेथे तेज बुद्धीचे आहे. तिसऱ्या प्रकरणात माळावर दिसलेल्या अक्राळविक्राळ प्राण्याच्या वर्णनात तोच शब्द येतो, आणि तेथे ते तेज डोळ्यांना दिसणारे, भीतीदायक आहे. एका शब्दाचे लाक्षणिक आणि शब्दशः असे दोन्ही अर्थ वाचकाला मिळतात, तेही प्रसंगासह. शब्दांची कुळेही अशीच उलगडतात. शेवटच्या प्रकरणाच्या नावातला ‘रेट्रोस्पेक्शन’, प्राण्याच्या वर्णनातला ‘स्पेक्ट्रल’ आणि पोलीस अधिकारी लेस्ट्रेडच्या हुद्द्यातला ‘इन्स्पेक्टर’ या तिन्हींत ‘पाहणे’ या अर्थाचे एकच लॅटिन मूळ आहे. ते कळले की प्रॉस्पेक्ट, स्पेक्टेटर, इन्ट्रोस्पेक्शन हेही जवळचे वाटू लागतात.

काही शब्द मात्र सोडून द्यायचे असतात. पहिल्या प्रकरणात कवटीच्या आकाराविषयीचा ‘डॉलिकोसेफॅलिक’ हा वैद्यकीय शब्द येतो. त्यावाचून काहीही अडत नाही. हॅन्सम, वॅगनेट ही घोडागाड्यांची नावे त्या काळाबरोबर गेली. एखादा शब्द पुन्हा दिसला, किंवा त्याच्यावाचून प्रसंग कळेना, तरच तो टिपावा.

वाचनाची पद्धत कल्याणच्या दिनक्रमात बसणारी आहे. कल्याण ते मुंबईचे सीएसएमटी हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. जलद लोकलला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. या कादंबरीचे प्रकरण सरासरी चार हजार शब्दांचे आहे. मिनिटाला शंभर शब्द इतक्या सावकाश वाचले तरी ते चाळीस मिनिटांत संपते. जाताना एक प्रकरण धरले तर पंधरा कामाच्या दिवसांत कादंबरी पूर्ण होते. गर्दीत उभ्याने वही काढता येत नाही, आणि पहिल्या वाचनात ती काढूही नये. अर्थाचा अंदाज बांधत पुढे जावे. संध्याकाळी घरी तेच प्रकरण चाळून आठ-दहा शब्द निवडावेत, अंदाज कोशाशी ताडून पाहावा आणि वहीत शब्दासोबत कादंबरीतले पूर्ण वाक्य लिहावे. कोशांत रमेश धोंगडे यांनी संपादित केलेला ऑक्सफर्ड इंग्रजी–मराठी कोश अर्थासाठी उपयोगी आहे. वापर समजण्यासाठी ए. एस. हॉर्नबी यांच्या परंपरेतला विद्यार्थी-कोश लागतो. त्याची पहिली आवृत्ती १९४२ साली टोकियोत, इंग्रजी परकी असणाऱ्यांसाठीच निघाली होती. वही दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उघडावी. उजवीकडचा अर्थ झाकून आधी आठवावा, मग पाहावा. नुसते वाचून जाण्यापेक्षा आठवण्याच्या प्रयत्नाने शब्द अधिक टिकतो.

ओळखीचा शब्द वापरात येण्यासाठी लिहावे लागते. प्रत्येक प्रकरणानंतर पाच-सहा ओळींचा सारांश, त्यात तीन नवे शब्द, एवढे पुरते. कल्याणशी नाते असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण येथे मोलाचे आहे. इंग्रजी त्या घरी, पती गोपाळरावांकडून शिकल्या. १८८०पासून न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार सुरू झाला. १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या, आणि त्यांचा प्रबंधही इंग्रजीतच होता.

एका कादंबरीची मर्यादाही ओळखली पाहिजे. अर्थशास्त्र, विज्ञान, प्रशासन यांचे शब्द तिच्यात थोडे; त्यासाठी वृत्तपत्र आणि विषयाची पुस्तके हवीत. कादंबरीतलेही बरेच शब्द दोन-तीनदाच येतात, तेवढ्याने ते पक्के होत नाहीत. म्हणून दुसरे पुस्तक त्याच लेखकाचे घ्यावे. लेखकाची ठरावीक शब्दकळा असते, आणि पहिल्या पुस्तकातले अर्धवट ओळखीचे शब्द दुसऱ्यात पुन्हा भेटतात. होम्सच्या चार कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत. वर्षभराच्या नियमित वाचनाला त्या पुरतात. त्यानंतर लेखक आणि शतक दोन्ही बदलावे, म्हणजे आजच्या इंग्रजीचे शब्दही हाती येतील.